कुम्हारीची जीप, पुंडलिकाचा कान

जीप घ्यावी की नाही यावर शामरावांच्या घरात सव्वा महिना वाद झाला. ती पारखायची कोणी, यावर एक मिनिटसुद्धा झाला नाही.

पुंडलिक. शामरावांचा धाकटा भाऊ, भिलाईच्या प्लांटच्या रोलिंग मिलमध्ये सव्वीस वर्षं मेंटेनन्सला. लांब सळईचं एक टोक चालत्या बेअरिंगवर टेकवायचं, दुसरं कानामागच्या हाडावर, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा: "आठ दिवस काढते." आठव्या नाहीतर नवव्या दिवशी ते बेअरिंग जायचं. सेक्टर सहापासून रिसालीपर्यंत कोणाची स्कूटर कुरकुरली, कोणाची पाण्याची मोटर घरघरली, की पुंडलिकभाऊंना बोलावणं जायचं. ते येत, ऐकत, चहा पीत आणि जात. घरातल्या लग्नांत सोयऱ्यांशी ओळख करून देताना घरचे म्हणत, हे आमचे अमुक, हे तमुक, आणि हा आमचा कान.

या कानाला गेली चार वर्षं जवळजवळ काही ऐकू येत नव्हतं. हे दोघांनाच माहीत होतं. एक पुंडलिक, दुसरी त्याची बायको रमा.

मिलमध्ये कानात घालायला बोळे मिळत. पुंडलिकानं ते कधी घातले नाहीत. कान बुजवून मशीनचं दुखणं कसं कळणार, असं त्याचं म्हणणं. ज्या मशीनी त्यानं ऐकल्या त्यांनीच त्याचा कान खाल्ला. आधी पाखरं गेली, मग कुकरच्या शिट्या, मग माणसं. रमाचे ओठ त्याला सरळ वाचता येत. इतरांचे अर्धेमुर्धे. शामरावांच्या मिशांपुढे तर तो अडाणीच होता.

म्हणून रमा कायम त्याच्या समोर, जरा उजवीकडे. कोणी काही विचारलं की ती तेच शब्द फिरवून नवऱ्याला म्हणायची, "ऐकलं का, रजा कधीपासून आहे ते विचारून राहिले." लोकांना ते पतिभक्तीसारखं दिसायचं. थोरली जाऊ वसुंधरा मास्तरीण होती. तिनं रमाला नाव ठेवलं होतं आकाशवाणी. "भाऊजीशी बोलाचं असन तर आधी आकाशवाणी केंद्राची परवानगी घ्या," असं ती चारचौघांत म्हणायची आणि हसण्यात पहिला नंबर रमाचा असायचा. हसली नसती तर कोणीतरी विचार केला असता.

लपवायचं कारण एका वाक्यात मावण्यासारखं होतं. ज्याला क्रेनचा भोंगा ऐकू येत नाही त्याला मिलच्या फ्लोअरवर उभं राहू देत नाहीत. पुंडलिकाच्याच खात्यातल्या बाबारावांचे कान गेल्यावर त्यांना स्टोअरमध्ये बसवलं होतं, हातमोजे आणि साबणाच्या वड्या मोजायला. जाणारी-येणारी पोरं त्यांच्या पाठीमागे पत्रा आपटून गंमत पाहायची. ती गंमत पाहणाऱ्यांत एकेकाळी पुंडलिकही होता, आणि हे तो रमाला सांगून बसला होता. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. "आणखी तीन वर्षं झाक," त्यानं तिला देवघरासमोर सांगितलं होतं. "मंग माझ्या कानात शिसं ओतलं तरी चालते."

आता जीप.

शामराव मार्चमध्ये निवृत्त झाले. त्यांचा मुलगा विजयकुमार पंचवीस वर्षांचा, बी.कॉम., नोकरीविना. राजहऱ्याच्या खाणींकडे जंगलात बोअर पाडणाऱ्या एका ठेकेदाराला माणसं नेण्या-आणण्यासाठी वर्षभर गाडी लागणार होती, आणि त्याची अट एकच: गाडी फोर-व्हील पाहिजे, चारही चाकं ओढणारी. पावसाळ्यात तिकडचे घाट आणि नाले दुसऱ्या कशानं चढत-उतरत नाहीत. शामरावांचं म्हणणं, फंडाची रक्कम बँकेत झोपून राहण्यापेक्षा पोराच्या हाताखाली फिरावी. वसुंधरा आधी विरोधात होती. मग कोणीतरी तिला सांगितलं की रविवारी तीच गाडी घरच्यांना घेऊन डोंगरगडला जाऊ शकते, बम्लेश्वरी देवीच्या डोंगराच्या पायथ्यापर्यंत, आणि शेजारच्या मिश्रांकडे अजून स्कूटरच आहे. तेव्हापासून विरोध मावळला.

गाडी शोधली गुलाबरावांनी. गुलाबराव पुंडलिकाच्याच पाळीत, त्याच्या हाताखाली, नागपूरकडच्या रेल्वेवाल्या घरातले, सरळ माणूस. कुम्हारीला हायवेवर एका सेठचं गॅरेज होतं. तो मिलिटरीच्या लिलावातल्या जीपा आणून, पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवून विकायचा. एक हिरवी जीप उभी आहे, किंमत अडतीस हजार, आणि अट अशी की रविवारी पाहा, पसंत पडली तर रविवारीच रोख द्या, कारण सोमवारी रायपूरची पार्टी येते आहे. ही सोमवारची पार्टी जगातल्या प्रत्येक जुन्या गाडीमागे असते. पण शामरावांनी उभ्या जन्मात जुनी गाडी घेतलेली नव्हती.

"पुंडलिक ऐकन, मग देऊ," ते म्हणाले.

शनिवारी पहिली पाळी संपवून पुंडलिक घरी आला, जेवला आणि रमाला म्हणाला, चल. दुपारभर त्यानं तिला रिसालीत हिंडवलं. पिठाच्या गिरणीसमोर उभं केलं, पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरपाशी नेलं, एका थांबलेल्या ट्रकशेजारी चप्पल शिवायच्या निमित्तानं पाव तास बसवलं. रमानं काय ऐकू येतं ते सांगायचं आणि त्यानं त्याचा अर्थ लावायचा. नुसती घरघर असेल तर ते वय. एकसारखी टकटक असेल तर ते नटबोल्ट, दोन पान्यांचं काम. "पण किर्र करत वर चढला आन मधातच कट्ट झालं, पुन्हा किर्र, पुन्हा कट्ट," तो तिला आठवणीतून आवाज काढून सांगत होता, "तर समज, पेटीतले दात गेले. चार चाकाले जोर देते ते पेटी. उतारावर ते जाम झाली तर चारही चाकं एका झटक्यात धरते. गाडी सरकत नाही मग, पालथी होते."

खूण ठरली. ती त्याच्या नजरेसमोर उभी राहील. आवाज वाईट आला तर पदराचं टोक दातात धरेल. भासऱ्यासमोर बाई पदर दातात धरते, त्यात कोणाला काय दिसणार.

भासरा म्हणजे थोरला दीर. रमाला लग्न होऊन सत्तावीस वर्षं झाली होती आणि सत्तावीस वर्षांत ती शामरावांशी एक वाक्य सरळ बोललेली नव्हती. आर्वीकडची त्यांच्या घराची रीत. काही सांगायचं तर वसुंधरेकडून, नाहीतर विजय लहान असताना त्याच्याकडून: "विजू, बाबांना म्हण वरण थंड होऊन राहिलं." शामराव समोर बसून ते ऐकत आणि विजय सांगेपर्यंत थांबत. सेक्टरमधल्या बंगाली बायका या प्रकाराला हसायच्या. रमाला त्यात सोय वाटायची. एकाचं बोलणं दुसऱ्याच्या तोंडून पोचवायची सवय तिला फार आधीपासून होती.

तिला कुम्हारीला न्यावं कसं हाच प्रश्न होता. गाडी पाहायला बायका कशाला, असं शामराव म्हणणार हे उघड होतं. तेव्हा रमानं रविवारी सकाळीच जावेला गाठून सांगितलं की बाई, गाडी घरी आणून पूजा करण्यापेक्षा जिथून निघते तिथंच सवाष्णीनं कुंकू लावावं, आमच्या माहेरी असंच करतात. तिच्या माहेरी बैलगाडीसुद्धा नव्हती. पण वसुंधरेला कुंकवाचा पहिला मान आपला हे लगेच दिसलं, आणि नऊ वाजता ताट, नारळ आणि फुलांच्या पुडीसकट पाचही जण पॉवर हाऊसच्या थांब्यावरून रायपूरच्या बसमध्ये बसले. गुलाबराव कुम्हारीच्या थांब्यावर उभे होते. जाताना बसनं, येताना जीपनं असा बेत.

सेठ गोड माणूस होता. त्यानं आधी शामरावांना खुर्ची दिली, मग पुंडलिकाच्या हातातली कापडात गुंडाळलेली सळई पाहिली आणि त्याचा गोडवा किंचित घट्ट झाला. गुलाबरावांनी आदल्याच दिवशी त्याला कल्पना दिली होती की कान घेऊन येतो आहे. सेठनं पुंडलिकाला दोन्ही हातांनी नमस्कार केला. "साहब, आप ही देख लो. आपने कह दिया तो समझो भगवान ने कह दिया."

जीप मागच्या अंगणात, चारही चाकं लाकडी ठोकळ्यांवर उचलून ठेवलेली. हिरवा रंग ताजा, वास येण्याइतका. विजय तिच्याभोवती दोनदा फिरला, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते रमानं फार वर्षांनी पाहिलं. वसुंधरा शाळेत शिकवायला जायची तेव्हा हा पोरगा रमाच्या घरी वाढला होता. तिला स्वतःचं मूल नव्हतं. नापास झाला की हा आधी काकूकडे यायचा. नोकऱ्यांची नकाराची कार्डं यायची तीसुद्धा त्यानं काकूच्या डब्यात लपवलेली होती. आता त्यानं पुंडलिकाच्या समोर येऊन मोठ्या आनंदानं विचारलं, "काका, कैसी लग रही है?" रमा म्हणाली, "ऐकलं का, गाडी कशी वाटते म्हणते विजू." पुंडलिक म्हणाला, "पाहू दे आधी."

इथवर सगळं बरोबर चाललं होतं. मग सेठची बायको आली.

अंगणाच्या भिंतीपलीकडेच त्यांचं घर होतं. बहनजी लोग इथं धुरात कशाला उभ्या राहता, चला, चहा ठेवलाय, असं म्हणून तिनं वसुंधरेचा हात धरला. वसुंधरेनं रमाचा धरला. रमा म्हणाली, मी थांबते. वसुंधरा म्हणाली, तू काय इंजिन उघडणार आहे का, आणि सगळे हसले. गुलाबरावसुद्धा. आणखी आग्रह केला असता तर हसू थांबलं असतं आणि विचारणं सुरू झालं असतं. रमानं नवऱ्याकडे पाहिलं. तो वाकून जीपच्या तळाची फळी काढत होता, त्यानं हे पाहिलंच नाही.

पलीकडच्या खोलीत चहा आला, शेव आली. सेठची बायको वसुंधरेच्या साडीची चौकशी करत होती. भिंतीपलीकडे इंजिन सुरू झालं. डिझेलची खडखड, ती रमाला आता ओळखीची होती. मग पहिला गिअर, दुसरा. मग थोडा वेळ काही नाही. आणि मग तो दुसरा, चारही चाकांना जोर देणारा आखूड दांडा ओढला असणार, कारण खडखडीच्या आतून एक निराळाच आवाज उठला. किर्र करत चढला. कट्ट. पुन्हा चढला. कट्ट.

तो ऐकायला सव्वीस वर्षं लागत नव्हती. अर्धी दुपार पुरत होती. सेठच्या बायकोचा केटलीचा हात क्षणभर थांबला आणि मग ती आधीपेक्षा मोठ्यानं बोलू लागली, नागपूरला ही साडी कितीला पडते म्हणून. रमा उठली.

"कुठं निघाली? चहा तर घे," वसुंधरा म्हणाली. रमा उंबऱ्याबाहेर होती.

ती अंगणात पोचली तेव्हा आवाज चालूच होता आणि चार माणसं पुतळ्यासारखी उभी होती. विजय स्टिअरिंगवर, शामराव बॉनेटपाशी, गुलाबराव आणि सेठ एका बाजूला. आवाज प्रत्येकाच्या अंगात शिरत होता, पण चौघांचीही नजर पुंडलिकाच्या चेहऱ्यावर होती. पुंडलिक पुढच्या सीटवरून वाकलेला, सळई पेटीवर टेकवलेली, दुसरं टोक कानामागे. त्याचा चेहरा शांत होता. एवढा मोठा माणूस शांत आहे म्हणजे या गाड्यांचा हा असाच आवाज असणार, असं मानून तिघं शांत होते. चौथा सेठ, तो श्वास रोखून होता. आणि पुंडलिक मान वर करून आळीपाळीनं त्यांचेच चेहरे पाहत होता. एकाच्याही कपाळावर आठी नव्हती. रमा कुठं दिसत नव्हती. सळई थरथरत होती, पण डिझेलवरची सळई थरथरायचीच.

"ठीक आहे," पुंडलिक म्हणाला. "घ्या."

विजयनं इंजिन बंद केलं.

तेवढ्यात रमा त्याच्या समोर जाऊन उभी राहिली आणि तिनं पदराचं टोक दातात धरलं. पुंडलिकानं पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं. एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं की विजू, पुन्हा एकदा चालू कर. गाडी तिथंच होती, किल्ली तिथंच होती. पण निकाल दिला होता, गुलाबसमोर दिला होता, आणि बंद इंजिनात आता नवीन काय ऐकलं, असं कोणी विचारलं असतं तर? त्यानं नजर काढून घेतली आणि सळई कापडात गुंडाळायला लागला.

रमा ते गुंडाळणं पाहत राहिली. दोन वेढे झाले. तिसरा झाला.

शामरावांनी सदऱ्याच्या आतून पाकीट काढलं. सेठ म्हणत होता, पारखी आदमी की बात ही और है. वसुंधरा पूजेचं ताट घेऊन मागोमाग आलीच होती; रमा तिच्याकडे वळली आणि हळूच म्हणाली, "बाई, त्यायले म्हणा, पैसे देऊ नका. गाडी आणखी एकदा चालू करून पाहा."

"आता तू सांगशीन का भाऊजीले गाडीतलं?" वसुंधरा म्हणाली. "ज्याचा कान त्याचं काम. ते निरांजन लाव."

रमा जीपपाशी गेली. "विजू, हे गाडी घेऊ नको बाबू. आवाज चांगला नाही तिचा."

"अरे काकू," विजय हसला, "काका ने ओके कर दिया ना. मलेही जरा वाटलं होतं, पण काकांनी ऐकलं म्हणजे संपलं."

रमाला तेव्हा कळलं की गाडीबद्दल ती आता काहीही बोलली तरी उपयोग नाही. त्या अंगणात गाडीवर कोणाचाच विश्वास नव्हता. सगळ्यांचा विश्वास कानावर होता. शामराव अंगठ्याला थुंकी लावून नोटा उलगडत होते. विजय राजहऱ्याच्या उतारावर असेल, मागे आठ माणसं बसलेली असतील, पाऊस असेल. ती डोक्यावरचा पदर सावरून पुढं झाली आणि शामरावांच्या समोर, दोन हातांच्या अंतरावर उभी राहिली.

"यायले ऐकू येत नाही," ती म्हणाली. "चार वर्षं झाली."

शामरावांचा अंगठा नोटेवर थांबला. वाक्याचा अर्थ त्यांच्यापर्यंत नंतर पोचला. आधी पोचलं ते एवढंच की धाकट्या भावाची बायको आपल्याशी बोलली. त्यांनी सवयीनं वसुंधरेकडे पाहिलं, तिनं सांगावं म्हणून. मग सगळ्यांनी एकदमच पुंडलिकाकडे पाहिलं.

तो पाठ फिरवून गुंडाळी आवळत होता; अंगणात काहीतरी हललं एवढं जाणवून वळला. पाच चेहरे त्याच्याकडे लागलेले. काही विचारलं गेलं असणार. त्यानं पटकन, तत्परतेनं मान डोलावली.

"हो," पुंडलिक म्हणाला. "बरोबर आहे."

शामराव चालत त्याच्या मागे गेले. "पुंडलिक," त्यांनी हाक मारली. मग जरा मोठ्यानं. मग त्यांच्या आईनंतर या जगात कोणी वापरलं नव्हतं ते नाव घेतलं, "पुंड्या." पुंडलिक रमाकडे पाहत होता, ती काहीतरी सांगेल म्हणून. रमा खाली पाहत होती. शेवटी विजय खाली उतरला, काकाच्या समोर गेला आणि आपल्या कानाला बोट लावून, एक भुवई उंचावून, नुसतंच विचारलं. पुंडलिकानं त्या बोटाकडे पाहिलं. मग रमाकडे. मग तो अंगणाच्या कडेला एका टायरवर जाऊन बसला.

पुढचं सगळं पाच मिनिटांत झालं. इंजिन पुन्हा सुरू केलं, आखूड दांडा ओढला. आता तो आवाज प्रत्येकाला ऐकू आला. गुलाबराव म्हणाले, मले आधीच शंका आली होती. शामराव म्हणाले, मलेही. गुलाबरावांनी जीपखाली जाऊन पेटीचा बोल्ट ढिला केला. काळ्या तेलाबरोबर तळहातावर पोलादाचे चार चमकदार तुकडे पडले, उंदराच्या दातांएवढे. सेठ म्हणाला, मिलिटरीवाल्यांनी मला फसवलं, आणि हे इतक्या सफाईनं म्हणाला की हे वाक्य तो पहिल्यांदा म्हणत नव्हता हे उघड होतं.

पाकीट शामरावांच्या खिशात परत गेलं. निघताना ते रमाजवळून गेले, थांबले आणि पलीकडे पाहत बायकोला म्हणाले, "रमाले म्हण, पोरगा वाचला." रमानं ऐकलं होतंच. आभार मानून त्यांनी तिला तिच्या जागी परत ठेवलं होतं.

परतीची बस रिकामी होती. पुंडलिक खिडकीशी बसला, शेजारी रमा. तो तिच्याकडे पाहत नव्हता, म्हणजे आता तो खरोखरच बहिरा होता. बाकीच्यांचं वागणं बसमध्ये चढता चढताच बदललं होतं. वसुंधरेनं पाण्याची बाटली पुढं करून मायेनं, संपूर्ण बसला ऐकू जाईल असं ओरडून विचारलं, "भाऊजी, पाणी पाहिजे का?" तिला वाईट वाटत होतं, त्यात खोटं काही नव्हतं. तिनं आकाशवाणी हे नाव पुन्हा कधी घेतलं नाही. विजय मागच्या सीटवर कपाळ दांड्याला टेकवून बसला होता. राजहऱ्याचा ठेका पंधरा दिवसांत दुसऱ्या कोणालातरी जाणार होता.

चरोद्याच्या आसपास गुलाबराव उठून आले आणि रमाच्या शेजारी वाटेतच, वरचा दांडा धरून उभे राहिले. ते भिलाईपर्यंत येत होते. पुंडलिकाची पाठ होती.

"वहिनी," ते म्हणाले, "एक गोष्ट बोलतो. बुधवारी आमच्याकडं क्रेन येत होती, खाली पोलादाचा लालभडक ठोकळा, इंगट, लटकून. भोंगा वाजत होता. पुंडलिकभाऊ मधात उभा. मी दंड धरून ओढला. मले म्हणाला, विचारात होतो. मी मानलं. त्याच्या आधीही एकदा झालं होतं, दिवाळीच्या वेळी."

रमाला बुधवार आठवला. बुधवारी त्याच्या बाहीवर काळे पाच डाग होते, बोटांचे. ग्रीस लागलं, असं तो म्हणाला होता. तिनं सोडा लावून ते धुतले होते.

"मी बोलणार नाही वरती," गुलाबराव म्हणाले. "त्याच्यानंतर ते जागा माझीच आहे. मी बोललो तर लोक म्हणतीन, जागेसाठी बोलला. तुमी म्हणसान तसं. तीन वर्षं मी लक्ष ठेवीन त्याच्यावर, पण माझीही रजा असते, माझाही डोळा लागते. तुमी सांगा."

बस एका खड्ड्यातून गेली. रमानं नवऱ्याच्या मानेकडे पाहिलं. कॉलरला घामाची कड आली होती. देवघरासमोरचा शब्द तिनं तासाभरापूर्वी मोडला होता, तेव्हा तो पोरासाठी मोडला होता. त्याला एक कारण होतं, ते चारचौघांत सांगता येत होतं. हे दुसरं. हे त्याला स्टोअरच्या खुर्चीवर बसवणं होतं, साबणाच्या वड्यांसमोर, पाठीमागे पत्रे आपटणाऱ्या पोरांसकट. आणि तो त्याबद्दल तिला कधीही क्षमा करणार नव्हता, कारण क्षमा करायला आधी जिवंत राहिल्याचा आनंद वाटावा लागतो.

"सांगून द्या," रमा म्हणाली.

"वहिनी, पुन्हा इचार करा."

"उद्याच सांगा, भाऊ. पाळी सुरू व्हायच्या आधी. यायले आत जाऊ देऊ नका."

गुलाबरावांनी मान डोलावली आणि ते आपल्या जागेवर जाऊन बसले. त्यांच्या सरकण्यानं सीट हलली असेल, कारण पुंडलिक वळला. कुम्हारी सोडल्यापासून पहिल्यांदाच त्यानं रमाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. रागानं नाही. त्याला विचारायला दुसरं कोणी नव्हतं.

"गुलाब काय म्हणत होता?"

चार वर्षं तिनं त्याला जगातलं प्रत्येक वाक्य जसंच्या तसं आणून दिलं होतं. टोमणेसुद्धा. जावेचं आकाशवाणीसुद्धा. तिनं तोंड त्याच्या समोर धरलं, उजेडात, ओठ नीट दिसतील असं.

"काही नाही," ती म्हणाली. "उद्या पाळीवर भेटू म्हणत होते."

पुंडलिकानं ते घेतलं, बाकीची सगळी घेतली होती तसंच. पुन्हा खिडकीकडे वळला. पॉवर हाऊसचा पूल दिसायला लागला तेव्हा, बाहेरच पाहत, तो म्हणाला, "मंग उद्या डबा दोघांचा दे. सोमवारी त्याचा उपास राहते, संध्याकाळपर्यंत तसाच उपाशी राहते तो. साबुदाणा टाक थोडा."

"बरं," रमा म्हणाली. त्याची पाठ होती.